आत्यांचं कपाळ आणि मामांचा पटका

हिवाळा लागला की माझ्या पार्लरमध्ये बायका फुटलेले गाल घेऊन येतात आणि मी आधी त्यांच्यावर ओरडते. नाकाच्या कडेला पापुद्रे सुटलेत, हसलं तरी कातडी ताणते, आणि ह्या बाईसाहेब सकाळी कढत पाण्यानं तोंड धुऊन, वर लिंबू चोळून आलेल्या. का, तर मोबाईलवर व्हिडिओ बघितला. "अगं, लिंबू पोह्यांवर पीळ की! तोंड काय पोह्यांची ताटली आहे?" असं मी म्हणते. त्या हसतात, हसताना गाल चरचरतो, मग गप्प होतात.

पार्लर म्हणजे तरी काय, साताऱ्यातल्या आमच्या घराची पुढची खोली. दोन खुर्च्या, एक आरसा. तिथं माझं हिवाळी कीर्तन चालतं. पाणी कोमटच घ्यायचं. चेहऱ्याला साबण नको. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं, आणि कातडी ओलसर आहे तोवरच मलम लावायचं. डाळीचं पीठ दिवाळीपुरतं ठीक, रोज घासलं तर असलेलं तेलही निघून जातं. आणि नवं काहीही लावायचं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघायचं, मग चेहऱ्याकडं वळायचं. बायका विचारतात, "ताई, हे सगळं कोर्समध्ये शिकवतात का?" कोर्समध्ये कसलं! हे मी माझ्या सासूबाईंच्या कपाळावर शिकले. आणि शिकायच्या आधी त्या कपाळाची पार वाट लावली.

मी मूळची सांगलीची. आमच्याकडं थंडी पडते ती पाहुण्यासारखी, चार दिवस राहून जाते. माझी आई हळकुंडं आणून घरीच कुंकू करायची आणि आमच्या चेहऱ्यांना दुधाची साय लावायची, एवढाच आमचा हिवाळा. लग्न झालं ते म्हसवडजवळच्या वस्तीवर. सासरची माणसं मेंढरामागं हिंडलेली. आता थोडं रान आहे, पण दावणीला वीस-पंचवीस शेळ्या अजून असतात. नवरा नोकरीला साताऱ्यात, म्हणून आम्ही साताऱ्यात, सासू-सासरे वस्तीवर. आमच्यात सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मीही तेच म्हणते.

माझा वस्तीवरचा पहिला हिवाळा मला चांगला आठवतो. तिथला वारा म्हणजे लय अवलक्षणी. ओल म्हणून नाही, सगळी माळाची कोरडी थंडी, आणि ती थेट तोंडावर येते. तिसऱ्या दिवशी माझे गाल भेगाळले. मी जवळची सगळी क्रीमं लावली, वरून डाळीच्या पिठानं घासलं, आणखी भेगाळले. आत्या धार काढत होत्या. त्यांनी हाक मारली, "हिकडं ये गं." मी गेले तर शेळीच्या दुधाचा फेस बोटानं उचलून सरळ माझ्या गालाला फासला!

"आत्या, वास येतो!"

"येऊ दे की. तुज्या गालाला नाक हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी गाल मऊ झाले होते. मी ते कबूल केलं नाही. पार्लरचा कोर्स केलेली बाई मी, शेळीपुढं हार कशी मानणार?

आत्यांची स्वतःची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा. हातपाय उन्हानं करपून काळे पडलेले, पण चेहरा पातळ, जरा काही झालं की लाल व्हायचा. तरी साठी ओलांडेपर्यंत त्यांनी तो चेहरा नीट राखला होता. साबण कधी लावला नाही. वाऱ्यात पदर नाकावर ओढून घ्यायच्या. आणि कपाळावर कुंकू लावायच्या आधी मेण. खरं मधमाशीचं मेण, मेढ्याकडच्या डोंगरातला एक म्हातारा मध विकायला यायचा तो आणून द्यायचा. पितळी डबीत त्याचा काळपट गोळा असायचा. सकाळी करंगळीशेजारच्या बोटानं तो चोळायचा, कपाळावर गोल फिरवायचा, त्यावर कोरडं कुंकू दाबायचं. बंद्या रुपयाएवढं. शेळ्या सोडायच्या आधी हे झालंच पाहिजे. त्या कुंकवाखाली हिरवं गोंदणही होतं, पण ते कधी दिसायचं नाही.

मग एका दिवाळीला मी वस्तीवर साफसफाई काढली. मला सफाईचं वेड आहे, नवरा म्हणतो तुझ्या हाती झाडू आला की माणसांनी अंगणात पळावं. तर ती डबी माझ्या हाती लागली. आतला गोळा बघून मला शिसारी आली. त्यात केस, त्यात धूळ, चुलीच्या धुराचा वास. मी तो सुरीनं खरवडून उकिरड्यावर टाकला, चिंच-राखेनं डबी घासून लखलखीत केली, आणि माझ्या पार्लरमधली ओल्या कुंकवाची बाटली आत्यांच्या हातात ठेवली. काडीनं लावायचं, पसरत नाही, दिवसभर जात नाही.

त्यांनी एवढंच विचारलं, "पोरी, मेण कुठं गेलं?"

"टाकलं आत्या. घाण झालं होतं."

त्या डबीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. डबी लखाखली."

बस्स, रागावल्या नाहीत. तेव्हाच रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा.

कार्तिकी पौर्णिमेनंतर मामांचा फोन आला. मामा फोनवर बोलायचे ते रानातून हाक मारल्यासारखे. "तुज्या आत्याचा डोळा मिटलाय. ये." एवढं बोलून फोन बंद.

मी लगेच गेले. कपाळ सोललं होतं. लाल, ओलं, त्यातून पाणी येत होतं. कडेला खपल्या, खाली भुवया सुजून एक डोळा जवळजवळ बंद. आणि एवढ्या जखमेवर मधोमध, काडीनं नीट गोल काढलेलं, माझं कुंकू!

"आत्या, अहो हे किती दिवस चाललंय?"

"झालं की पंदरा-ईस दीस. व्हईल बरं."

"आणि तरी तुम्ही हे लावताय?"

"तू दिलंस न्हवं?" त्या म्हणाल्या. "सुनंनं दिल्यालं वाईट कसं आसंल?"

मी रडले. सरळ हमसून रडले, आणि त्या बाई उलट माझीच पाठ थोपटत राहिल्या.

दोघांना साताऱ्याला आणलं. मामा म्हणाले, "म्या बी येतो, तिला एकलीला करमायचं न्हाई." म्हणजे त्यांना एकट्याला करमणार नव्हतं. चामडीच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळ निरखून बघितलं, सगळं विचारलं, आणि मेणाचं ऐकून हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ह्यांची कातडी मुळात कोरडी आणि नाजूक, त्यात थंडी. ते मेण इतकी वर्षं कुंकू आणि कातडीच्या मध्ये उभं होतं. ते गेलं आणि कुंकवातलं रसायन थेट कातडीला लागलं. आता कपाळ पूर्ण भरेपर्यंत त्यावर दिलेल्या मलमाशिवाय काहीही लावायचं नाही. महिना लागेल, दीडही लागेल. "डोळ्यापर्यंत पोचलंय. ह्याच्यापुढं गेलं तर अवघड होईल," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आत्यांनी सगळं मान हलवून ऐकून घेतलं. जिना उतरताना मला म्हणाल्या, "बाई लय चांगली हाय. पर तिला काय म्हाईत? माजं मालक जित्तं हायती."

मी समजले की आता खरं दुखणं सुरू झालं. घरी येऊन मी चहा ठेवला तेवढ्यात ह्या देव्हाऱ्यापुढं, देवाच्या वाटीतल्या कुंकवात बोट! मी जाऊन हातच धरला. मग आमची जी जुंपली! पार्लरचं दार उघडं, रस्त्यावरून माणसं जातायत, मला त्याची शुद्ध नाही.

"गोंदण आहे ना कपाळावर? तेच दिसू दे!"

"गोंदान लगनाच्या आदीचं हाय. त्ये माजं. त्यांचं न्हाई."

"हातावर लावा कुंकू. मंगळसूत्र आहे, बांगड्या आहेत, कोण काय म्हणणार आहे?"

"तुला ठावं न्हाई. मोकळं कपाळ बगितलं की बाया आदी गप हुत्यात, मग हळू बोलत्यात."

"आत्या, डोळा जाईल! मग मामांना बघणार कशानं?"

त्यावर त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही. "डोळा जाऊ दे माजा. पर त्यास्नी कुनी मेल्यावानी धरायचं, त्ये मला बगवायचं न्हाई."

मी त्यांचा हात सोडला. ती बाटली मी दिलेली. ते मेण मी टाकलेलं.

मामा इतका वेळ पार्लरच्या खुर्चीत बसून होते. ती खुर्ची गोल फिरते म्हणून त्यांना आवडायची. ते बोलणारे नव्हतेच. शेळ्यांशी जेवढं बोलत तेवढंही माणसांशी बोलत नसत. त्यांनी खुर्ची आत्यांकडं फिरवली, दोन्ही हात वर नेले आणि डोक्याचा पटका काढायला लागले. तांबडा पटका, एकेक वेढा सुटतोय, सुटतोय, मांडीवर ढीग झाला.

मी लग्नाला अकरा वर्षं होऊन मामांचं डोकं कधी पाहिलं नव्हतं. खाली चेहरा काळाभोर, आणि भुवयांच्या वर चार बोटांपासून टक्कल पांढरं, बाळाच्या अंगासारखं. आमच्या तिकडं म्हातारा माणूस बोडक्या डोक्यानं दिसला की लोक आधी विचारतात, कोण गेलं? पटक्याशिवाय मामा अंगणातसुद्धा यायचे नाहीत.

"आवं, ह्ये काय?" आत्या घाबरल्याच.

"तुजं कपाळ मोकळं ऱ्हाईल, तवर माजं डोस्कं मोकळं."

"खुळं का काय तुमी? लोकं हासतीली!"

"हासू देत. मला हासत्याल. तुज्याकडं बगायला सवड कुणाला ऱ्हातीया?"

आत्या देव्हाऱ्याजवळून उठल्या, बोटाचं कुंकू पदराला पुसलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मलम कुठं हाय त्ये आण."

पार्लरला कुलूप लावून मी त्यांच्याबरोबर वस्तीवर गेले. ऐन लगीनसराई होती, बायकांनी फोनवर शिव्या घातल्या, घालू देत. सकाळी ऊन अंगणात आलं की आमचं सुरू व्हायचं. कोमट पाण्यात जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा भिजवायचा, कपाळावर नुसता ठेवायचा, उचलायचा. चोळायचं नाही. टिपलं की लगेच मलम, हलक्या बोटानं. चुलीपुढं मी बसायची. त्यांना धूर नको, धग नको. आत्या पहिल्यांदाच आयुष्यात काही न करता उन्हात बसल्या होत्या. "सून भाकरी करती आन् मी बसून खाती, मला मेलीला नरकात बी जागा मिळायची न्हाई," असं म्हणत दोन भाकरी खायच्या.

चार दिवसांत मामांचं टक्कल फुटलं. बरोबरच आहे, पन्नास वर्षं झाकलेली कातडी आणि वर हा वारा! मी त्यांना नवऱ्याची कानटोपी दिली तर रागावले. "टोपी घातली तर मग बोललो त्ये काय?" पण आत्यांचं मलम लावून झालं की हळूच शेजारी येऊन मान खाली घालून बसायचे. "झालं का तिचं? मग हितं बी वाईच लाव." आत्या तोंडाला पदर लावून हसायच्या. हसताना कपाळ ताणलं की "आई गं" म्हणायच्या आणि परत हसायच्या.

बाजारादिवशी मी मामांबरोबर म्हसवडला गेले. प्रत्येक जण थांबवत होता. एक जुना जोडीदार तर रस्ता ओलांडून आला, चेहरा पाडून.

"कोण गेलं गा?"

"कोन न्हाई. बायकूच्या कपाळाला आवशीद चाललंय."

"मग तू का बोडका?"

"ती कुकू माज्या नावानं लावती," मामा म्हणाले. "त्ये उतारलं. मग म्या पटका कुणाच्या जिवावर बांदू?"

तो माणूस हसायला तोंड उघडून तसाच राहिला. मग म्हणाला, "आसं व्हय," आणि आम्हाला चहा पाजला. पण बाकीचे हसले, पोटभर हसले. म्हातारा बायकोचा बैल झाला, असंही कुणी म्हटलं. मामांनी शेंगदाणे घेतले आणि घरी आले. आत्यांना कुणी काहीच विचारलं नाही. मामांचं गणित बरोबर निघालं होतं.

म्हसवडच्या यात्रेत देवाचा रथ निघतो, त्याला मामा एकटे गेले, गुलालाच्या धुळीत आत्यांना नेणं शक्य नव्हतं. संध्याकाळी परत आले ते टक्कल गुलाबी करून. आत्या ओरडल्या, "थितंच ऱ्हावा! आंग झाडा!" मामा अंगणाच्या कडेला उभे राहिले. मुठीत आत्यांच्या वाटणीचा गुलाल होता. आत्या आत सरल्यावर तो त्यांनी दाराच्या चौकटीला लावला आणि मग आंघोळीला गेले. टक्कल मात्र आठवडाभर गुलाबी होतं. मला तर बघितलं की हसू आवरायचं नाही.

संक्रांतीपर्यंत कपाळावर नवी कातडी आली, कोवळी, गुलाबीसर. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी पंधरा दिवस. वाण द्यायला शेजारची बाई आली, हळद-कुंकवाचं बोट उचललं आणि आत्यांच्या कपाळापुढं येऊन थांबली. सगळ्या गप्प. मामा ओट्यावर बोडके बसलेले. आत्यांनी स्वतःच हात पुढं केला. "हातावर लाव गं. कपाळ सुट्टीवर हाय."

त्या पंधरा दिवसांत मी माझं पाप फेडायला निघाले. एका रविवारी नवऱ्याच्या गाडीवर बसून मेढ्याकडं गेले. तो मध विकणारा म्हातारा आता डोंगर चढत नव्हता, पण त्याच्याकडं मेण होतं. घरी आणून वितळवलं, फडक्यातून गाळलं, थोडं खोबरेल घातलं. सांगलीहून आईनं घरच्या हळदीचं कुंकू पाठवलं. मग आत्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला आधी मेण, त्यावर ठिपका, आणि दोन दिवस वाट. मला झोप लागली नाही. सारखी आत्यांच्या चोळीची बाही वर सारून बघायची. "आगं, अंडं उबवतीस का काय?" त्या म्हणाल्या. काही झालं नाही. दुसऱ्या जागी परत बघितलं. तिथंही नाही.

मग माघातल्या एका सकाळी, डॉक्टरीणबाईंनी साताऱ्यात कपाळ बघून होकार दिल्यावर, मी पार्लरमध्ये ती डबी त्यांच्यापुढं ठेवली. तिथंही भांडण! आत्या म्हणतात, आधी तुम्ही पटका बांधा. मामा म्हणतात, आधी तू कुंकू लाव. शेवटी मीच ओरडले, "दोघं एकदम करा!" आणि खरंच, आरशापुढं एक बोट गोल फिरतंय आणि शेजारी तांबडे वेढे चढतायत. इतकी देखणी दोन माणसं मी माझ्या आरशात आजपर्यंत बघितली नाहीत.

मामा दोन वर्षांपूर्वी गेले, फाल्गुनात. आजारी वगैरे काही नाही, शेळ्या बांधून आले, ओट्यावर बसले आणि गेले.

दहाव्याला बायका जमल्या. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर मामांचा पटका. रडून रडून चेहरा कोरडा पडला होता, गालाला मीठ चिकटलेलं. मी ओल्या फडक्यानं टिपून मलम लावलं, त्यांनी लावू दिलं. मग त्यांच्या थोरल्या जाऊबाई पुढं आल्या. सत्तरी पार केलेली बाई, डोळ्यांत पाणी, वाईट काही मनात नाही. त्यांच्यावर जे झालं तेच त्या करायला आल्या होत्या. त्यांनी कुंकू पुसायला पदराचं टोक उचललं.

आत्यांनी त्यांचं मनगट धरलं. हळूच धरलं.

"आक्का," त्या म्हणाल्या, "मालक जित्तं हुतं तवा दोन म्हयनं माजं कपाळ मोकळं हुतं. त्यास्नी काय झालं न्हाई. आता त्ये न्हाईत, तर भरल्याल्या कपाळानं तरी कुनाचं काय हुतंय?"

जाऊबाईंनी पदर सोडला आणि त्यांच्याशेजारी बसल्या.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. "रडून समदं फिसकाटलंय. माजी डबी आण गं," त्या म्हणाल्या. "आन् हात धुऊन आण."

मी हात धुतले आणि डबी आणली.